भाचीला वगळलंस ती गोष्ट

दिगू, तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. कबड्डी मंडळाच्या पेडणेकरने माइक माझ्या तोंडापुढे आणला, म्हणाला, "आक्का, दोन शब्द." मी माइककडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि बसून राहिले. मग त्यानेच लोकांना सांगितलं, आक्कांना भरून आलंय, बोलवत नाहीये. सगळ्यांनी माना हलवल्या. मला भरून बिरून काही आलं नव्हतं. मला राग आला होता. मेलेल्या माणसाच्या फोटोसमोर राग काढायची पद्धत नाही आपल्यात, म्हणून गप्प बसले.

आता तोच पेडणेकर म्हणतोय, मंडळ तुझ्यावर स्मरणिका काढतंय, त्यात बहिणीची चार पानं पाहिजेत. मी म्हटलं, बाबा, माझी शाळा गावी चौथीत सुटली, मला सही येते आणि बसचा नंबर वाचता येतो. तर म्हणाला, "तुम्ही सांगा, सुषमाताई लिहितील." म्हणून आज सोमवार, ती कामाला आहे ते दुकान बंद, तर ती सासरहून इकडे लालबागला आलीय. पलंगावर मांडी घालून बसलीय, मांडीवर वही. मी सांगतेय, माझी पोरगी लिहितेय.

यात एक असं आहे जे तिलाही ठाऊक नाही. तुझ्याबद्दलचं, तिच्याबद्दलचं. ते तिला सांगायचं की माझ्याबरोबर जाऊ द्यायचं, यावर मी पंधरा दिवस अडून बसले होते. सांगायचं ठरवलंय. तिला एवढंच म्हटलंय, मधे थांबवायचं नाही, मी बोलेन तसं उतरवायचं.

शोकसभेत काय झालं ते तू बघितलं नाहीस, म्हणून सांगते. चांगलं बोलले सगळे. तुझा फोटो त्या निळ्या ब्लेझरमधला होता, गळ्यात पट्टीवालं कार्ड. गर्दी हॉलच्या बाहेर. तू कबड्डीच्या गाद्या भाड्याने देण्यापासून सुरुवात केलीस आणि लीगच्या टीमपर्यंत पोचलास, कोकणातली किती पोरं टीव्हीवर आणलीस, कबड्डीवर पोट भरता येतं हे तू दाखवलंस, असं एकेक जण सांगत होता. खोटं नव्हतं ते. मग एक चष्मेवाला उठला. तुझ्याबरोबर धंद्यात होता म्हणे. तो म्हणाला, "दिगंबर सरांची एकच गोष्ट सांगतो. सख्खी भाची, अंगाखांद्यावर खेळवलेली. राज्य स्पर्धेची टीम निघाली आणि सरांनी तिला वगळलं. म्हणाले, माझी भाची म्हणून नाही नेणार, खेळ असेल तर नेईन. अशा माणसावर आम्ही डोळे मिटून विश्वास टाकला."

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवतात हे मी पहिल्यांदाच बघितलं. माझ्या बाजूला सुषमा बसली होती. तिनेही वाजवल्या.

तिथे मला राग आला, दिगू.

आता पहिल्यापासून सांगते. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा, मी चौदाची. तुला आठवत नसेल, तू तिच्या अंगावरचं लुगडं ओढत होतास, ऊठ म्हणून. चार वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी तुला बरोबर घेऊन मुंबईला आले. सासरी जाताना भावाला घेऊन जाणारी वाडीतली मी पहिली. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. तुझे भावोजी म्हणाले, "एक पोरगा खातो किती, खाऊ दे." एवढं एकच वाक्य. त्या माणसाला कमी बोलायची सवय होती, पण बोलले ते शेवटपर्यंत पाळलं.

खोली ही हीच. तुला झोपायला गॅलरी. खालच्या नळावरून कळशी घेऊन तिसऱ्या माळ्यापर्यंत एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत यायचास. दारात आलास की दम सोडायचास. समोरच्या राणेवहिनी म्हणायच्या, "आक्का, तुमचा भोंगा वाजला गो, दुसरी पाळी सुटली." सगळा माळा हसायचा. मंडळात मातीवर खेळून यायचास, गुडघे सोललेले, आणि मी हळद-तेल लावायची. तू दात दाबून बसायचास. रडायचा नाहीस. मला वाटायचं, आईने बघायला पाहिजे होतं.

मग गिरण्यांचा संप झाला. तुझे भावोजी घरी बसले आणि बसूनच राहिले. किती माणसं तशी बसली. सुषमा तेव्हा पोटात, लग्नाला बारा वर्षं झाल्यावरची. त्या वर्षी तू राज्याच्या टीममधून खेळून आलास आणि त्या एका सर्टिफिकेटवर तुला कंपनीत नोकरी लागली. सकाळी हजेरी, दुपारनंतर कंपनीच्या टीमची प्रॅक्टिस. पहिल्या पगाराचं पाकीट न उघडता माझ्या हातात दिलंस. म्हणालास, "आक्का, माका सरबताक काय ता दी, बाकीचा तुझा." तू लग्न केलंस तोपर्यंत हे घर तुझ्यावर चाललं. सुषमाला पहिलं दूध, पहिला डॉक्टर, पहिली पाटी, सगळं त्या कबड्डीच्या नोकरीतून. मी ते विसरले नाही. विसरता आलं असतं तर पुढचं बोलायला सोपं गेलं असतं.

म्हणूनच म्हणते, एका सर्टिफिकेटवर अख्खं घर कसं उभं राहतं, हे तुला कोणी शिकवायला नको होतं.

सुषमाला खेळात तूच घातलंस. मी नको म्हणत होते. पोरीची जात, हातपाय मोडला तर काय. तू म्हणालास, "मोडला तर मामा बसलाय." आठव्या वर्षापासून तुझ्या मागून मंडळात. बारीक होती, पण पाय लांब. उभ्या उभ्या पाय टाकायची आणि अंगठ्याने कोपऱ्यातल्या मुलीला शिवून परत. समोरच्या सात जणींना कळायचं नाही कोण आउट झाली. तू दारात उभा राहून मला म्हणालायस, "आक्का, ही माझ्यापेक्षा भारी आहे. माझा दम मोठा होता, हिला डोकं आहे." चहाचा कप हातात होता तुझ्या. हे तुझे शब्द आहेत, मी बनवून सांगत नाही.

त्या सुमाराला दादरच्या एका मोठ्या मंडळाचे कोच घरी आले. बायकोला घेऊन. चांगले कपडे, हातात फळांची पिशवी. म्हणाले, "मुलगी आम्हाला द्या." मला वाटलं स्थळ घेऊन आलेत. राणेवहिनींनी समोरून पोहे भिजवले सुद्धा. मी विचारलं, मुलगा काय करतो? ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग सुषमा आतून म्हणाली, "आई, खेळायला मागतायत." तेव्हा सगळे हसलो. पोहे खाल्ले त्यांनी. त्यांच्या मंडळातल्या मुली दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कंपनीत लागत होत्या. एका मंडळात नाव घातलं की त्या मोसमात दुसरीकडून खेळता येत नाही, म्हणून आठ दिवसांत सांगा म्हणाले.

तू आलास संध्याकाळी. बसला पण नाहीस. "घरची पोरगी दुसऱ्याच्या मंडळात? मी इकडे टीम बांधतोय आणि माझीच भाची तिकडे? लोक माझ्या तोंडात शेण घालतील, आक्का."

सुषमा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, तुझं काय म्हणणं?"

मी म्हटलं, मामा सांगेल ते.

हे माझं. हे मी तुझ्यावर ढकलत नाही. तुझे भावोजी त्या दिवशी म्हणाले होते, "पोरीला जाऊ दे गं, भावाचा राग चार दिवसांचा." मी त्यांचं ऐकलं नाही. मला वाटलं, माझा भाऊ आहे तिथे तिला काय कमी पडणार.

त्याच वर्षी तू नोकरी सोडलीस. सगळे म्हणाले डोकं फिरलं. आपलं किती दिवस भांडण चाललं, तुला आठवत असेल. मी म्हणत होते, ज्या नोकरीने जगवलं तिला लाथ मारतोस. तू म्हणत होतास, "आक्का, मातीतला खेळ गादीवर चाललाय. ज्याच्याकडे गाद्या असतील त्याच्या दारात मंडळं रांग लावतील. आधी गाद्या, मग लाइट, मग स्टँड. बघशील तू." बरोबर निघालं तुझं. मी चुकले. ते भांडण तू जिंकलास, हे तू असताना कबूल करायचं राहिलं. आज करते.

पण गाद्या आणायच्या कुठून? रे रोडला शेड असलेला एक माणूस होता, रबराच्या लाद्या बनवायचा. तो तुला गाद्या करून द्यायला तयार झाला. आणि त्याच वर्षी त्याची मुलगी आपल्या मंडळात खेळायला लागली. पोरगी वाईट नव्हती. माझ्याकडे पाणी प्यायला यायची, चपला नीट बाहेर काढायची. खेळ तिचा नव्हता. तिला स्वतःलाही ठाऊक होतं. दम धरला की डोळे मिटायची. बापाला तिच्या नावावर सर्टिफिकेट पाहिजे होतं.

ज्यांना खेळातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. मैदानात खेळतात सात जणी. यादीत नावं बारा. मैदानात पाय टाको न टाको, बाराही जणींना राज्य स्पर्धेचं सर्टिफिकेट मिळतं, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंच्या ज्या जागा असतात तिथे तो कागद चालतो. तेराव्या मुलीला काही नाही. आणि जिल्ह्याच्या मुलींच्या टीमचा त्या वर्षी मॅनेजर तू होतास. शेवटची यादी तुझ्या खिशात.

टीमचे टी-शर्ट तू माझ्याकडेच टाकायचास, पाठीवर नंबर शिवायला. त्या वर्षीही आणलेस, बारा. बाराही मी दोन दिवसांत शिवले. त्यातला सुषमाचा कोणता ते तूच दाखवलंस मला. तिच्या नंबरला मी दुहेरी शिलाई घातली, कारण हिला पकडायला पोरी पाठीवरच झेपावतात.

निघायच्या सकाळी मी तिला ओवाळलं. राणेवहिनींनी हातावर दही घातलं. गॅलरीतून सगळे टाटा करत होते. बॅग घेऊन खाली गेली आणि तासाभरात वर आली. बॅग खांद्यालाच. मी विचारलं, काय विसरलीस?

"मी नाहीये टीममध्ये. मामा म्हणाला, कमी पडले."

एवढंच. बॅग पलंगाखाली सरकवली. थोड्या वेळाने परत ओढली, आतले सगळे कपडे काढले आणि धुवायला बसली. एकदाही न वापरलेले कपडे. घासून घासून धुतले आणि दोरीवर टाकले. मी बघत होते. मी काय बोलले ठाऊक आहे? साबण जपून वापर म्हटलं.

मी तुला विचारायला आले नाही. स्पर्धेहून आल्यावर तूच आलास, पेढ्यांचा पुडा घेऊन. टीम दुसऱ्याच मॅचला घरी आली होती, चांगली रेडर नव्हती म्हणून, आणि सुषमाच्या जागी शेडवाल्याची मुलगी गेली होती, हे मला पेडणेकरकडून कळलं होतं. हरलेल्या टीमचे पेढे कशाचे, असं मनात आलं. तू सुषमाच्या डोक्यावर हात ठेवलास. "वाईट वाटून घेऊ नको. भाची म्हणून नेली असती तर लोकांनी तुझ्याच तोंडावर थुंकलं असतं." ती म्हणाली, "नाही मामा, बरोबर आहे." मी पेढे डब्यात भरले. घरच्या माणसाला जाब विचारायचा नसतो, असं आमचं. बाहेरच्याशी भांडू, नळावर भांडू, रेशनवाल्याशी भांडू. आपल्या माणसाला विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं.

महिन्याभरात मंडळाच्या हॉलमध्ये गाद्या उतरल्या. मी गॅलरीतून बघितलं. टेम्पोवर त्या शेडवाल्याचं नाव होतं, ते मला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं. मी आत जाऊन भात लावला.

पुढचं सगळं जगाला ठाऊक आहे. गाद्या, मग लाइट, मग स्टँड, मग ऑफिसवाल्यांच्या स्पर्धा, मग लीग आली आणि तू पोरं शोधून टीमवाल्यांना द्यायला लागलास. प्रभादेवीला घर घेतलंस. आणि तुझ्या पुढे पुढे ती गोष्ट चालायची, भाचीला वगळलं ती. तू मला एकदा मॅच बघायला नेलंस, त्या बंद स्टेडियममध्ये, सोफ्यावर बसवलंस. एसी इतका की मी पदर कानावरून घेतला. एक कोटवाला तुझ्या देखत मला म्हणाला, "आजी, तुमच्या भावासारखा सच्चा माणूस या धंद्यात नाही. सख्ख्या भाचीला—" तू मधेच म्हणालास, "अरे, चहा सांग ना आक्कासाठी." मी तुझ्याकडे बघितलं. तू मैदानाकडे बघत होतास. नंतर विचारलंस, "कसं वाटलं?" मी म्हटलं, थंड.

आणि ती भाची? तिने परत मैदानात पाय टाकला नाही. पुढच्या वर्षी परीक्षा आहे म्हणाली, त्याच्या पुढच्या वर्षी काहीच म्हणाली नाही. मग वय निघून गेलं. शेडवाल्याच्या मुलीला नोकरी लागली, लागू दे, तिच्याशी माझं भांडण नाही. सुषमा दादरला साडीच्या दुकानात लागली. दिवसभर उभी. वरच्या फळीवरची साडी काढायला स्टूल न घेता एक पाय मागे टाकून अशी ताणते ना, तो पाय मी ओळखते. मी एकदाच गेले त्या दुकानात. परत गेले नाही.

तू तिला परकं केलं नाहीस, तेही सांगायला पाहिजे. तिच्या लग्नात मामा म्हणून हाताला धरून बोहल्यावर आणलंस. डोळे पुसत होतास. भावोजी गेले तेव्हा तूच धावलास, सगळं तूच केलंस. मी आजारी पडले की डबा तुझ्या घरून. हे सगळं खरं आहे, दिगू, आणि याच्यामुळेच माझं तोंड बंद राहिलं. तू माझ्याशी वाईट वागला असतास तर मी केव्हाच बोलले असते.

आता ते सांगते जे सुषमाला ठाऊक नाही.

परळला हॉस्पिटलमध्ये होतास तेव्हा दुपारी मीच बसायची तुझ्याजवळ. बायको तुझी आधीच गेली, मुलगा परदेशातून निघायचा होता. तू डायलिसिसच्या मशीनवरून आला होतास, थकलेला, पण शुद्धीत. मी मोसंबं सोलत होते. मी म्हटलं, दिगू, एक विचारू?

"विचार गो."

"सुषमी त्या पोरीपेक्षा कमी होती?"

कुठल्या पोरीपेक्षा, असं तू विचारलं नाहीस.

"नाय," म्हणालास. "बारा जणींत ती एक नंबर होती."

"मग?"

"मगे कोणाचा नाव कापू? एकीचो बापूस पोलिसात. एकीच्या मंडळाने माझी गाडी अडवली असती. बाकीच्या आया दारात येऊन बसल्या असत्या. तू येवचं नाय, ह्या माका ठाऊक होता. तू कधी काय बोललंस?"

तू ते शाबासकी दिल्यासारखं म्हणालास, दिगू. हसलास पण थोडा.

मी विचारलं, "आणि ती गोष्ट? भाचीला वगळलं ती?"

"ती मी नाय सांगितलंय. लोकांनी सांगितल्यानी. मी फक्त ती खोटी असा म्हटलंय नाय." मग डोळे मिटलेस. "सुषमीक सांगू नको गो."

मी मोसंबं सोलत राहिले. तू त्याचा अर्थ हो असा घेतलास. नेहमीसारखा. चौथ्या दिवशी तू गेलास.

मी हो म्हटलं नव्हतं.

तुला त्या गाद्या पाहिजे होत्या, हे मी समजू शकते. धंदा उभा करायचा म्हणजे माणूस कुणाच्या तरी पाया पडतो. एक नाव कापावं लागलं, हेही एक वेळ समजेन. पण तू यादी घेऊन बसलास आणि बारा घरं डोळ्यांसमोर आणलीस, कुठल्या घरातून आवाज येणार नाही ते बघायला. आणि तुला आपलं घर दिसलं. जिने तुला वाढवलं तिचं. माझं गप्प बसणं तू धंद्यात घातलंस, दिगू. वर त्याचंच नाव कमावलंस. पोरीची जागा गेली ती गेली, पण तेवीस वर्षं लोक गावभर सांगत फिरले की ती त्या लायकीची नव्हती, आणि तू ऐकून घेतलंस. ती टाळ्या वाजवते आता त्या गोष्टीवर. तुझ्या फोटोला हार घालताना सगळ्यात जास्त वेळ तीच उभी होती.

आणि तू मला बरोबर ओळखलंस, हे मला सगळ्यात जास्त लागलं. मी तशीच निघाले.

सुषमा थांबलीय. खाली बघतेय. म्हणते, "हे पण लिहू?"

लिही म्हटलं. सगळं लिही.

पेडणेकर, तुला पण सांगते, तू वाचशीलच. त्या चष्मेवाल्याची गोष्ट स्मरणिकेत पहिल्या पानावर घेणार आहेस असं ऐकलंय. ती घ्यायची असेल तर हे पण घे, यातलं एक अक्षर न काढता. हे नको असेल तर ती पण काढ. दोन्हीतलं एक करून घ्यायला मी अजून जिवंत आहे, आणि मंडळाच्या हॉलला यायला मला तीन माळे उतरावे लागतात एवढंच.

दिगू, मला तुझी आठवण येते. संध्याकाळी गॅलरीत बसले की येतेच. ज्याच्यावर रागवायचं तोच नाही, आता हा राग मी कुठे ठेवू? तू असतास तर परवा गटारीला आला असतास, कोलंबीचं कालवण मागितलं असतंस आणि मी वाढलं असतं. रागातच, पण वाढलं असतं.

सुषमा विचारतेय, "एक नंबर म्हणाला? मामा स्वतः?"

हो. स्वतः.

पेन खाली ठेवलंय तिने. उठली, दोरीवरचे कपडे काढून आणले, घड्या घातल्या, परत बसली. मग म्हणाली, "आई, तू मला दादरला जाऊ दिलं असतंस तर."

हो गं, म्हटलं. माझं चुकलं. ते पण लिही.

तिने ते लगेच लिहिलं नाही. खिडकीकडे बघत बसली. रडत नव्हती, माझी पोरगी आहे. मग बोलली. टीम निघाली त्या सकाळी बसजवळ तू तिला बाजूला घेऊन काय सांगितलंस, ते तिने आजपर्यंत मला सांगितलं नव्हतं. तू म्हणालास, सिलेक्शनच्या मॅचला तू दोनदा आउट झालीस, दोनदा आउट झालेली मुलगी मी कशी नेऊ.

"मी एकदाच आउट झाले होते, आई. मला तेव्हा पण आठवत होतं. पण मामा दोनदा म्हणाला, म्हणून मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

मी म्हटलं, एकदाच, असं लिही.

लिहिलं तिने. आणि त्याच्या खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.